माझं नाव राखून ठेवलंय

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून वाद नको. हा किस्सा पूर्णपणे खरा आहे. एक अक्षर वाढवलेलं नाही, चहाच्या कपावर हात ठेवून सांगतो. हां, आता कुठे माणसं जरा जास्त बोलतील, कुठे पाणी जरा जास्त वाहील, तेवढं चालवून घ्या. आणि एका ठिकाणी मी चक्क थाप मारली आहे. एकच. ती कुठली ते शेवटी सांगेन. तोवर बिस्किटं घ्या.

तर झालं असं, की मी वारलो.

असं बघू नका माझ्याकडे. मंगळवारी संध्याकाळी वारलो आणि रविवारी दुपारी परत आलो. मधल्या दिवसांत कोलशेतच्या ऑफिसात रोज वेळेवर हजर होतो, रजा मिळाली नाही. पण मेलो कशाने ते ऐकाल तर म्हणाल, या माणसाचं असंच व्हायला हवं होतं. मी मत्सराने मेलो.

मत्सर कोणाचा, तर हेमंतचा. हेमंत आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये राहतो. मी ए विंगमध्ये. आम्ही शाळेत एका बाकावर होतो आणि आता एका टाकीचं पाणी पितो. त्याचा मला हेवा वाटतो अशातला भाग नाही. म्हणजे वाटतो. पण कारण असल्याशिवाय नाही. आता तुम्हीच सांगा, पन्नाशी उलटली तरी ज्याचे केस काळे आहेत आणि रंगवलेले नाहीत, अशा माणसाशी मैत्री ठेवायची तरी कशी? त्याच्या गॅलरीतला कुंडीतला कढीपत्ता एवढा माजलाय की खालच्या मजल्यावरच्या बायका खिडकीतून हात बाहेर काढून पानं तोडतात. माझा कढीपत्ता ऐन श्रावणात वाळला. त्याने विचारलं, "पम्या, पाणी जास्त घालतोस का रे?" सहानुभूतीने विचारलं. तेच सहन होत नाही. माणूस वाईट असता तर मी सुखाने जगलो असतो.

तर या हेमंतने पाण्याचं सॉफ्टवेअर लिहिलं.

डोंबिवलीत पाणी येतं कधी आणि जातं कधी हे ज्योतिष्यालाही विचारून उपयोग नाही. पूर्वी आमच्या सोसायटीत कोणीतरी खाली जाऊन नळाला हात लावून बघायचं, पंप चालू करायचा आणि मग बंद करायला विसरायचं. हेमंतने टाकीला एक यंत्र बसवलं. पाणी आलं की पंप आपोआप चालू, टाकी भरली की बंद, आणि सोसायटीच्या ग्रुपवर निरोप. त्यातला भोंगा मात्र मी लिहिला. टाकी भरत आली की गच्चीवर एक भोंगा वाजतो आणि थांबतो. तो कधी वाजावा आणि कधी थांबावा, ते सगळं माझं. मी घरी सांगितलंही होतं. शुभदा, म्हणजे आमची सौ., म्हणाली, "हो, तो तुमचाच आहे ते वाजला की कळतं."

इथपर्यंत ठीक होतं. पण हेमंतने पुढे काय केलं, तर ते सगळं उघड्यावर टाकलं. ओपन सोर्स. म्हणजे स्वयंपाकघराची भिंतच पाडायची. कोणीही यावं, पातेल्यात डोकवावं, मीठ कमी आहे म्हणावं आणि आपल्या हाताने घालावं. घरी न्यायचं असेल तर तेही फुकट. मला वाटलं, कोण येणार आमच्या टाकीत डोकवायला?

अहो, जग आलं. पाणी सगळीकडेच कमी आहे म्हणे. ब्राझीलहून राफाएल नावाचा तरुण आला, त्याच्या गावच्या टाकीला आमचं यंत्र बसलं. जर्मनीहून हाइके नावाच्या बाई आल्या. त्यांच्याकडे पाणी चोवीस तास असतं, पण त्यांना चुका शोधायची हौस. आणखीही बरेच आले. आणि सगळे म्हणायचे हेमंत, हेमंत, हेमंत. भोंगा आवडला असं एकानेही लिहिलं नाही. एकदा हाइकेबाईंनी भोंग्यात एक बदल सुचवला होता. तो मी सविस्तर कारणं देऊन नाकारला. एवढाच आमचा संवाद.

मग आमच्याकडच्या एका साप्ताहिकात हेमंतचा फोटो आला. टाकीला टेकून उभा. मी त्या दिवशी अँटासिड घेतलं. उपयोग झाला नाही, कारण ती ॲसिडिटी नव्हती.

आता या सगळ्याला एक नाव हवं होतं. तोपर्यंत नावच नव्हतं. हेमंतने पहिल्या दिवशी घाईत जे फोल्डर बनवलं त्याला टाकलं होतं 'नवीन फायनल दोन', आणि तेच चालू होतं. हाइकेबाई म्हणाल्या, पहिली अधिकृत आवृत्ती काढायची तर नीट नाव द्या. हेमंतने नेहमीप्रमाणे ते सगळ्यांवर सोपवलं. एक पान उघडलं. ज्याला जे नाव सुचेल ते त्याने तिथे लिहायचं, ज्याला ते आवडेल त्याने खाली अंगठा द्यायचा, तो वर केलेला. रविवारी संध्याकाळी पान बंद. ज्याला जास्त अंगठे, ते नाव.

नावं यायला लागली. कोणी 'थेंब' म्हणालं, कोणी 'घागर'. आणि सोमवारी राफाएलने लिहिलं, याचं नाव 'हेमंत' ठेवा. बघता बघता त्याच्याखाली अंगठ्यांची रांग.

हेमंतने लगेच उत्तर दिलं, माझं नाव नको, हे सगळ्यांचं काम आहे. ते वाचून लोकांनी अजून अंगठे दिले. बघितलंत? नको म्हणायचं आणि मिळवायचं. मला हे कधी जमलं नाही. मी नको म्हटलं की लोक खरंच देत नाहीत.

त्या रात्री जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र. ब्राझीलमधल्या एखाद्या डोंगरावर एक बाई दुसरीला सांगतेय, आज हेमंत आला म्हणून पाणी मिळालं. आणि भोंगा? भोंगा कोणाचा, बाई? विचार ना कोणीतरी.

माझं नाव मी स्वतः सुचवू शकत नव्हतो. एवढी लाज शिल्लक होती. म्हणून मी मंगळवारी ऑफिसला जाण्याआधी दामलेकाकांकडे गेलो.

दामलेकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त आहेत, पण ते त्यांना अजून पटलेलं नाही. नाव देणे या विषयात आमच्या भागात त्यांचा शब्द शेवटचा. आमच्याकडे कोपऱ्यावरच्या चौकाला सोसायटीच्या पहिल्या अध्यक्षांचं नाव आहे, ते काकांनी वर्षानुवर्षं खेटे घालून मिळवलं. तुम्ही डोंबिवलीत फिरलात तर तुमच्या लक्षात येईल, आमच्याकडे बिननावाचं काही राहत नाही. चौक, बाग, बागेतला बाक, बाकाशेजारची पाणपोई, सगळ्याला कोणाचं तरी नाव. आणि ते कोणीतरी गेलेलं असतं. तशी पद्धतच आहे.

मी काकांना सगळं समजावलं. परदेशातले लोक आहेत, नाव ठरतंय, आपल्या सोसायटीचा मान राहायला हवा.

"हेमंतचं येतंय ना? मग राहिला की मान," काका म्हणाले.

"काका, तो म्हणतोय माझं नको. त्याचं मन मोडायचं का? सोसायटीतलाच दुसरा कोणी बघा. ज्याने, समजा, भोंगा लिहिला."

"म्हणजे तुम्ही."

"छे छे. पण तुमचा आग्रहच असेल तर माझा नाइलाज आहे."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "प्रमोदराव, हयात माणसाचं नाव देण्याची पद्धत नाही."

"आपल्याकडे नाही. हे परदेशातलं प्रकरण आहे."

"तिकडे चालत असेल तर माझी हरकत नाही. मजकूर तयार आहे माझ्याकडे. चौकाचाच. सभेने एकमताने संमत केलेला. त्यातलं वाक्य बदलायचं तर पुन्हा सभा बोलवावी लागेल, ते आता शक्य नाही. नाव, कार्य आणि गुण, एवढ्या तीन जागा बदलून देतो."

मी म्हटलं, तुम्ही कराल ते योग्यच. मला काही दाखवूही नका. उद्या कोणी विचारलं तर मला हात वर करता आले पाहिजेत, की बुवा, मला यातलं काही ठाऊक नाही. आणि खरंच, तो मजकूर मी पाहिला नाही. शपथेवर सांगतो, पाहिला नाही.

संध्याकाळी तो मजकूर त्या पानावर गेला. सूचक, दामले. सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान निघालं, सर्व सभासदांनी त्वरित अनुमोदन द्यावे. आमच्या सोसायटीत दामलेकाकांना नाही म्हणायची कोणाची टाप नाही, कारण पार्किंगच्या जागा तेच ठरवतात. ज्यांना ओपन सोर्स म्हणजे औषध वाटतं, त्यांनीसुद्धा नातवंडांकडून खातं उघडून घेतलं. अख्खी ए विंग गेली, बी विंग गेली, तळमजल्यावरचे दवाखानेवाले डॉक्टर गेले. प्रत्येकाने अंगठा दिला आणि खाली लिहिलं, 'अनुमोदन'. पद्धत म्हणजे पद्धत. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी अनुमोदनाखाली त्यांच्या बाथरूमच्या गळतीचाही विषय मांडला. राफाएलने त्यांना ब्राझीलहून विचारलं, गळती पाइपातून आहे की भिंतीतून. इतका चांगला मुलगा.

मी त्या पानाकडे फिरकलोच नाही. निर्दोष माणसाने जवळपास दिसू नये.

बुधवारी सकाळी कंपनीची बस शीळफाट्याला अडकली. शीळफाट्याला बस अडकली की माणूस एकतर झोपतो, नाहीतर आयुष्याचा विचार करतो. मी म्हटलं, नुसते अंगठे मोजून येऊ. पान उघडलं आणि पहिली दिसली ती मेणबत्ती.

एक नाही. मेणबत्त्याच मेणबत्त्या. छोट्या छोट्या, चित्रातल्या. कोणी पांढरी फुलं ठेवलेली. कोणी हात जोडलेले. मला वाटलं, कोण गेलं बुवा? वर सरकवत सरकवत गेलो, आणि मग काकांचा मजकूर आला.

'आमच्या संस्थेचे सभासद, मनमिळाऊ व प्रसिद्धिपराङ्मुख श्री. प्रमोद यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी भरून येणे अशक्य आहे. भोंग्याच्या क्षेत्रात त्यांनी केलेले कार्य विचारात घेता, त्यांची स्मृती चिरंतन राहावी यासाठी त्यांचे नाव देण्यात यावे, असा ठराव ही सभा करीत आहे.'

चौकाचा मजकूर. वाक्य न् वाक्य चौकाचं. आणि खाली आमची सोसायटी, एकामागून एक, गंभीरपणे 'अनुमोदन', 'अनुमोदन', 'अनुमोदन'. परदेशातल्या लोकांनी ते यंत्राकडून भाषांतर करून घेतलं. त्यांना काय वाटेल? अख्खं गाव दुःखात उभं आहे असंच वाटणार ना?

राफाएलने लिहिलं होतं, माझी सूचना मी आदराने मागे घेतो. हाइकेबाईंनी तर मोठा परिच्छेदच लिहिला होता. भाषांतराचं यंत्र एका शब्दापाशी अडलं म्हणे, प्रसिद्धिपराङ्मुख. ए विंगमधल्या मंजिरीने त्यांना समजावून दिलं, की जो प्रसिद्धीपासून लांब पळतो तो. मग बाई पुढे लिहितात, मी या माणसाशी एकदाच बोलले आणि त्याला उद्धट समजले. तो नम्र होता हे मला आज कळलं. असा माणूस जिवंत असता तर त्याने हे नाव कधीच देऊ दिलं नसतं. म्हणूनच आपण ते द्यायला हवं.

मी लगेच लिहायला घेतलं, 'गैरसमज झाला आहे, मी जिवंत आहे'. पूर्ण टाइप केलं. पाठवायच्या बटणावर बोट ठेवणार, तेवढ्यात सहज अंगठे बघितले.

हेमंत खाली होता. मी वर होतो. भरपूर वर.

आता तुम्ही असतात तर काय केलं असतं? खरं सांगा. जिवंत आहे म्हटलं, की राफाएल सूचना परत आणणार, सगळे तिकडे पळणार, आणि आयुष्यभर हेमंत. गप्प बसलं तर फक्त रविवारपर्यंत मेलेलं राहायचं. माणसं नावासाठी काय काय करतात. मला तर काहीच करायचं नव्हतं.

मी टाइप केलेलं पुसलं.

ऑफिसला पोचतोय तोच हेमंतचा फोन. "पम्या, तू गेलायस म्हणे."

"मला काय माहीत? दामलेकाकांचा घोळ आहे."

"लोकांना सांगू का मी?"

"रविवारी सांग."

"रविवारी काय आहे? दहावा?"

"अरे, काकांना वाईट वाटेल. एवढं केलंय त्यांनी."

पलीकडे तो हसतोय की काय कळेना. मग म्हणाला, "मी आपण होऊन काही बोलणार नाही. पण कोणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही." आणि विचारणार कोण? मेलेला माणूस खरंच मेलाय का, असं विचारायची कुठेच पद्धत नाही. फोन ठेवताना म्हणतो, "काळजी घे रे." मेलेल्या माणसाचीही काळजी. सांगितलं ना, सहन होत नाही.

शुभदाने सगळं पान घरी कणीक मळता मळता वाचून काढलं. मोठ्याने. प्रसिद्धिपराङ्मुखपाशी आली आणि पिठाचा हात कपाळाला लावून हसत बसली. मग म्हणाली, "काहीही म्हणा, माणूस चांगला होता हो. मनमिळाऊ, शांत. मला कसा नाही भेटला?"

तुम्हाला गंमत सांगतो, दोन दिवसांत मला त्या प्रमोदचा हेवा वाटायला लागला. हेमंत राहिला बाजूला. हा वारलेला प्रमोद काहीही न करता दिवसेंदिवस मोठा होत होता. कोणीतरी लिहिलं, त्याच्या भोंग्यात एक करुणा आहे. कोणीतरी भोंग्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला. मी मात्र तोच, वाळक्या कढीपत्त्यासमोर उभा, आणि सोसायटीत कोणी भेटलं तर एवढंच विचारणार, काय प्रमोदराव, अजून आहात ना? बरोबर आहे, पार्किंगमध्ये गाडी दिसत होती.

शनिवारी दुपारी भोंगा बिघडला.

आमच्याकडचा तर बिघडलाच, आणि लिहिलेलं एकच असल्यामुळे राफाएलच्या गावचाही बिघडला. वाजायला लागला तो थांबेना. अख्ख्या डोंबिवलीला ऐकू गेला असेल, पलीकडे कल्याणलाही गेला असेल. दामलेकाका कानात कापूस घालून दारात आले आणि ओरडले, "तुमचं कार्य बंद करा." मी गच्चीवर जाऊन वायर उपटली. आमच्यापुरता प्रश्न मिटला. पण ब्राझीलमध्ये जाऊन वायर कोण उपटणार?

कुठे चुकलं होतं ते मला नेमकं माहीत होतं. घरच्या घरी दुरुस्त झालं असतं. पण दुरुस्ती टाकली की तिच्यापुढे माझं नाव दिसणार. वारलेल्या माणसाने शनिवारी दुपारी दुरुस्ती कशी टाकायची? मी हात बांधून बसलो.

शेवटी हाइकेबाई धावून आल्या. रात्रभर बसल्या असाव्यात. रविवारी सकाळी बघतो तर त्यांनी माझा भोंगा सबंध काढून टाकलेला आणि नवा लिहिलेला. अर्ध्यापेक्षा लहान. वर टीप, दिवंगत सहकाऱ्याबद्दल पूर्ण आदर राखून. आता तो शांतपणे विश्रांती घेवो.

सबंध काढला हो. पाणी बारीक येत असेल तेव्हा भोंग्याने जरा वाट बघायची, ही माझी खास युक्ती होती. वर्षानुवर्षं डोंबिवलीचं पाणी बघितल्यावर सुचलेली. जर्मनीत चोवीस तास पाण्यात बसलेल्या बाईला काय कळणार, बारीक पाणी म्हणजे काय? आणि तिने ती काढलीच. बरं, सगळे तिला शाबासकी देतायत. वा हाइके, किती सुटसुटीत. किती सुंदर. माझ्या भोंग्याला जिवंतपणी कोणी सुंदर म्हटलं होतं?

शुभदा म्हणाली, संध्याकाळपर्यंत कळ काढा. पान बंद होऊ दे, नाव मिळू दे, मग काय भांडायचं ते भांडा. बरोबर म्हणत होती. मी जेवलो. वरणभात खाल्ला. पडलो. उठलो. आणि लिहिलं.

काय लिहिलं ते ऐका. 'हा बदल चुकीचा आहे. पाण्याचा दाब कमी असताना थांबणे आवश्यक आहे. मी हे पूर्वीही स्पष्ट केले आहे. कृपया माझा भोंगा परत ठेवावा.' खाली माझं नाव, माझा फोटो, सगळं. पाठवलं आणि मग माझ्या लक्षात आलं, आपण वारलोय.

अख्खं जग एका पानावर बसलंय आणि कोणी हलत नाहीये.

मग एक मेणबत्ती विझली. म्हणजे ज्याने ठेवली होती त्याने ती काढून घेतली. राफाएलची असावी. मग दुसरी. मग पटापट. मी बघत होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक दिवा जात होता. फुलं गेली. जोडलेले हात गेले. कोणीतरी करुणेवालं वाक्य पुसून टाकलं. शेवटी हाइकेबाईंचं उत्तर आलं. थांबण्याची युक्ती त्यांनी काढलीच नव्हती, दुसरीकडे हलवली होती, आणि तिथे ती नीट चालत होती. तपासून पाहावे. खाली एकच ओळ, तुमच्याबद्दलचं माझं पहिलं मत बरोबर होतं.

हेमंतने मग सगळ्यांची माफी मागितली. माझ्या वतीने. मला विचारलंही नाही. त्यालाही अंगठे मिळाले.

पण संध्याकाळी पान बंद झालं तेव्हा काय झालं माहितीये? मीच जिंकलो. परदेशातले अंगठे गेले, तरी आमची सोसायटी जागची हलली नव्हती. दिलेलं अनुमोदन परत कसं घेतात, हे आमच्याकडे कोणालाच माहीत नाही. 'प्रमोद' हेच नाव आलं. मी शर्ट बदलला. शुभदाला म्हटलं, पेढे आणायचे का?

तेवढ्यात हेमंत दामलेकाकांना घेऊन आला. राफाएल वगैरे मंडळींना प्रश्न पडला होता, की ठराव वारलेल्या माणसाचा आहे आणि माणूस तर भोंग्यावरून भांडतोय, तर याचा निर्णय कसा लावायचा? काकांनी सगळा मजकूर पुन्हा एकदा शांतपणे वाचला. मग म्हणाले, "ठराव संमत झालेला आहे. तो रद्द होऊ शकत नाही."

मी हेमंतकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे वरून बघितलं.

"परंतु," काका म्हणाले, "ठराव स्मृतीचा आहे. हयात माणसाची स्मृती होत नाही. तेव्हा अंमलबजावणी स्थगित."

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

"ते काही आपल्या हातात नाही, प्रमोदराव. नाव राखून ठेवलंय. घाई नाही."

हेमंत म्हणाला, "काका, अजून वेळ आहे हो. बरीच वर्षं आहेत." मनापासून म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. हसण्याचं असेल.

मग तोपर्यंत काय म्हणायचं? जे होतं तेच. आवृत्ती निघाली, आणि आज ब्राझीलपासून कुठे कुठे लोक अभिमानाने सांगतात, आमच्या टाकीला 'नवीन फायनल दोन' आहे. त्यांना ते जुन्या संस्कृतातलं काहीतरी वाटतं. राफाएलने टाकीवर रंगवून घेतलंय. म्हणजे शेवटी नाव कोणाचं राहिलं? हेमंतने घाईत ठेवलेलं. विचारही न करता ठेवलेलं. परवा साप्ताहिकात परत फोटो आला.

आणि दामलेकाका मला बघितलं की हल्ली तब्येतीची चौकशी करतात. जरा खोकलो तर आशेने बघतात.

हां, ती थाप राहिली. मजकूर मी पाहिला नाही असं म्हणालो ना मघाशी, ती. बसमधलं 'कोण गेलं बुवा' हे तिचंच शेपूट. काकांनी तो त्यांच्याच टेबलावर माझ्यासमोर सरकवला होता. मी वाचला. पोकळी, स्मृती, चिरंतन, सगळं वाचलं. चष्मा लावून, दोन वेळा. आपण यात मेलोय हेही कळलं. पण तेव्हा माझं लक्ष गुणांच्या जागेकडे होतं. तिथे काकांनी नुसतं 'मनमिळाऊ' लिहिलं होतं.

'प्रसिद्धिपराङ्मुख' मी घातलं.